रेनॉल्ड्सचा प्रयोग घरच्या घरी: नळीतलं शांत पाणी कसं आणि कधी खवळतं

डिप्लोमाच्या मुलांना मी फ्लुइड मेकॅनिक्स शिकवते. तोंडी परीक्षेला लॅमिनार (शांत, थराथरांनी वाहणारा) आणि टर्ब्युलंट (खवळलेला) प्रवाह विचारला की उत्तर तयार असतं: रेनॉल्ड्स अंक (वेग, नळीचा व्यास आणि पाण्याचा चिकटपणा यांवरून निघणारा आकडा) २००० च्या खाली लॅमिनार, ४००० च्या वर टर्ब्युलंट, मधला सगळा ट्रान्झिशन, म्हणजे संक्रमण. "मधे काय होतं, सांग बरं?" असं पुढे विचारलं की बोलणं थांबतं. यात मुलांचा दोष नाही. लॅबमध्ये उपकरण असतं, पण बॅचला वेळ थोडा, टाकी नुकतीच भरलेली, रंग तळाशी बसलेला आणि जर्नलवर सही त्याच दिवशी हवी. अशा घाईत पाण्याला शांत व्हायलाच वेळ मिळत नाही, मग ते खवळताना कसं दिसणार?

म्हणून हा प्रयोग घरी, निवांतपणे, स्वतःच्या हाताने करावा असं मी सगळ्यांना आवर्जून सांगते. टाकीभर पाणी, दीड मीटर पारदर्शक नळी, थोडी निळी शाई आणि एक मोकळा रविवार एवढ्यावर तो होतो. करताना एक गोष्ट कायम ध्यानात ठेवा, कारण पुढची सगळी जोडणी तिच्यासाठीच आहे. पाणी नुसत्या वेगाने खवळत नाही, त्याला धक्का लागावा लागतो. लागलेला धक्का विरून जाणार की पाण्यातच पोसला जाणार, एवढं वेग ठरवतो. रेनॉल्ड्स अंक २००० च्या आसपास गेला की धक्का पोसला जायला सुरुवात होते. त्याच्या वर पाणी किती वेळ शांत राहील हे तुमच्या हाताच्या सफाईवर आहे.

ऑस्बर्न रेनॉल्ड्स मँचेस्टरच्या ओवेन्स कॉलेजात इंजिनिअरिंगचे प्राध्यापक होते. १८८३ साली त्यांनी जो शोधनिबंध प्रसिद्ध केला त्यातलं उपकरण आजही मँचेस्टर विद्यापीठात जपून ठेवलेलं आहे. काचेच्या भिंतींची सहा फूट लांब टाकी, तिच्या आत पाण्यात आडवी ठेवलेली काचेची नळी, नळीच्या तोंडाशी लाकडी कर्णा आणि त्या कर्ण्यातून पाण्याबरोबर आत ओढली जाणारी रंगाची रेघ. एक इंच, अर्धा इंच आणि पाव इंच अशा तीन मापांच्या नळ्या त्यांनी वापरल्या, पाण्याचं तापमानही बदलून पाहिलं. आपण त्याचीच छोटी आवृत्ती करणार आहोत.

सामान

सगळ्यात महत्त्वाची नळी. आतला व्यास १२ मिलिमीटर, लांबी दीड मीटर. प्रयोगशाळेचं साहित्य विकणाऱ्यांकडे काचेची नळी साधारण याच लांबीत मिळते. ॲक्रिलिकची चालेल, ती फुटण्याची भीतीही कमी. मात्र नळी सरळसोट आणि आतून गुळगुळीत हवी. बागेला पाणी घालायच्या पारदर्शक पाइपाचा मोह होईल, तो टाळा. गुंडाळून ठेवलेला पाइप कितीही ताणला तरी थोडा वाकडाच राहतो, आणि वाकड्या नळीत पाण्याला आडवी फिरकी मिळून लॅमिनार प्रवाह जास्त वेगापर्यंत टिकतो. मग तुमचा आकडा कुणाशीच जुळणार नाही.

टाकी म्हणून तीस-चाळीस लिटरचा प्लास्टिकचा क्रेट किंवा माशांची जुनी काचेची टाकी घ्या. उभट बादलीपेक्षा पसरट भांडं बरं, कारण लिटरभर पाणी गेलं तरी पातळी फारशी उतरत नाही. टाकीच्या भोकात बसेल असं रबरी बूच, हातभर मऊ रबरी नळी, तिच्यावर लावायचा स्क्रूचा पिंचकॉक (रबरी नळी दाबून प्रवाह कमी-जास्त करणारा चाप), मोजपात्र, थर्मामीटर आणि मोबाइल. रंग सोडायला मेडिकलच्या दुकानातला सलाइनचा सेट आणा. त्याच्या नळीवर चाकाची जी चिमटी असते तिच्याइतकं बारीक नियंत्रण दुसऱ्या कुठल्या स्वस्त वस्तूने मिळत नाही. सोबत २२ गेजची सुई. तिचं टोक पॉलिश पेपरवर घासून बोथट करा आणि आत चुरा राहिला नाही ना ते पाणी सोडून बघा.

नळीचं तोंड

इथे घाई करू नका, या प्रयोगात खरं यश इथेच मिळतं. नळी सरळ कापून टाकीत खुपसली तर पाणी त्या धारदार कडेवरून आत वळताना तिथेच भोवरे पडतात. मग तुम्ही नळीत जे बघता तो तोंडाशी बसलेल्या धक्क्याचा परिणाम असतो. रेनॉल्ड्सनी कर्णा लावला तो याचसाठी.

पाण्याच्या प्लास्टिक बाटलीचा मानेकडचा भाग खांद्यासकट कापून घ्या. तो उलटा, रुंद बाजू पाण्याकडे करून नळीच्या टोकावर बसवा. मान नळीपेक्षा रुंद असते, मधली फट एम-सीलने भरा. लुगदी मऊ असतानाच ओल्या बोटाने आतून उतार देत जा, बाटलीचा खांदा आणि नळीची आतली भिंत एकाच वळणात आली पाहिजे. वाळल्यावर करंगळी आत घालून गोल फिरवा. नखाला कुठेही कड अडकली तर पॉलिश पेपर गुंडाळून ती घासून काढा आणि पुन्हा करंगळी फिरवा. डोळ्याला न दिसणारी पायरी नखाला कळते, आणि नखाला कळते ती पाण्याला नक्कीच कळते.

टाकीला तळापासून आठेक सेंटीमीटरवर भोक पाडून बुचातून नळी आत घ्या, तोंड टाकीच्या भिंतीपासून वीतभर आत राहू द्या. बाहेरची नळी स्पिरिट लेव्हल लावून आडवी करा आणि तीन-चार ठिकाणी लाकडी ठोकळ्यांचा आधार द्या, मधे झोळ नको. तिच्या बाहेरच्या टोकाला रबरी नळी जोडून ती खाली सोडा आणि पिंचकॉक त्या रबरी नळीवरच लावा. प्रवाह आवळायचा तो नेहमी शेवटी. टाकी आणि नळी यांच्यामध्ये नळ बसवला तर अर्धवट उघड्या नळातून पाणी खवळूनच नळीत शिरतं, आणि मग सगळी मेहनत पाण्यात.

रंग

रंगाचं पाणी त्याच टाकीतलं घ्या. वाटीभर पाण्यात फाउंटन पेनच्या निळ्या शाईचे किंवा खाण्याच्या रंगाचे थोडे थेंब. कॉलेजात पोटॅशियम परमँगनेट वापरतात, पण दाट द्रावण पाण्यापेक्षा जड असतं आणि कमी वेगाला रेघ खाली झुकते, शिवाय हाताला तपकिरी डाग पडतात. तुमचा रंग बरोबर आहे का ते बघायला टाकीतल्या पाण्याने भरलेल्या काचेच्या ग्लासात मधोमध सुईने अलगद एक थेंब सोडा. थेंब तिथल्या तिथे रेंगाळला की झालं. खाली पळत असेल तर अजून पातळ करा.

रंगाची बाटली टाकीच्या वर टांगा. सुई कर्ण्याच्या रुंद भागात, अगदी मध्यावर, टोक नळीच्या दिशेला करून एका पट्टीला बांधून ठेवा. रुंद भागात अशासाठी, की तिथे पाणी इतकं सावकाश चालतं की सुईमागे भोवरे पडत नाहीत. अरुंद नळीत सुई घातली तर तीच धक्का देणारी ठरेल.

पाणी निवू द्या

टाकी आदल्या रात्री भरून ठेवा. नुकत्याच ओतलेल्या पाण्यात फिरत्या हालचाली बराच वेळ टिकतात, वरून बघताना पृष्ठभाग स्तब्ध वाटला तरी. दुसरं असं की नळाच्या ताज्या पाण्यात विरघळलेली हवा असते, ती नळीच्या भिंतीवर बारीक बुडबुड्यांच्या रूपाने बसते आणि प्रत्येक बुडबुडा म्हणजे एक खडा. तिसरं तापमान: पाणी खोलीइतकं झालं नसेल तर गरम-थंड पाण्याचे प्रवाह टाकीत वरखाली फिरत राहतात. टाकी उन्हात ठेवू नका, पंखा बंद करा, टेबल भिंतीला टेकलेलं असेल तर सोडवून घ्या. आमच्या लॅबचे मामा टाकी आदल्या संध्याकाळीच भरतात आणि सकाळी कुणाला टेबलाला टेकूसुद्धा देत नाहीत. मुलांना ते जाच वाटतं, पण मामांचं बरोबर आहे.

रेनॉल्ड्सनीही पाणी तासन् तास निवू दिलं होतं. तेवढी काळजी घेऊन त्यांना १३,००० च्या आसपासपर्यंत रेघ शाबूत ठेवता आली. पुढे त्याच उपकरणावर स्वीडिश समुद्रशास्त्रज्ञ व्ही. डब्ल्यू. एकमन यांनी आणखी काळजी घेऊन तो आकडा ४०,००० च्या पुढे नेला. आणि विसाव्या शतकात मँचेस्टरलाच प्रयोग पुन्हा केला तेव्हा रेघ रेनॉल्ड्सच्या आकड्याच्या कितीतरी आधीच मोडली, कारण रस्त्यावरच्या वाहनांच्या हादऱ्यांनी टाकीला स्वस्थता मिळेना. नळी तीच, पाणीही पाणीच. बदलला होता तो धक्का.

आकडा काढायचा कसा

रेनॉल्ड्स अंक म्हणजे सरासरी वेग गुणिले नळीचा आतला व्यास, भागिले पाण्याची कायनेमॅटिक व्हिस्कॉसिटी (चिकटपणा भागिले घनता). दर वेळी एवढं गणित मांडायची गरज नाही. पिंचकॉकखाली मोजपात्र धरा, ५०० मिलिलिटर भरायला किती सेकंद लागतात ते मोबाइलवर मोजा. सेकंदाला किती मिलिलिटर ते काढा, त्याला व्यासाच्या मिलिमीटरने भागा आणि एका ठरावीक संख्येने गुणा. पाणी २० अंशांना असेल तर ती संख्या १२७०, २५ ला १४३०, ३० ला १५९०. मधल्या तापमानाला मधली संख्या घ्या.

समजा पाणी २५ अंशांना आहे आणि ५०० मिलिलिटरला ३० सेकंद लागले. सेकंदाला १६.७ मिलिलिटर. १२ ने भागून १४३० ने गुणलं की जवळपास १९९०. वेग म्हणाल तर सेकंदाला १५ सेंटीमीटरसुद्धा नाही. एवढ्या सावकाश चालणाऱ्या पाण्यात ही उलथापालथ होते, याचं मला आजही नवल वाटतं.

व्यासासाठी दुकानदाराच्या शब्दावर राहू नका. नळीचं एक टोक बंद करून ती पाण्याने पूर्ण भरा आणि ते पाणी मोजपात्रात ओता. दीड मीटर लांबीच्या, १२ मिलिमीटर व्यासाच्या नळीत १७० मिलिलिटर मावायला हवं. कमी-जास्त निघालं तर त्यावरून खरा व्यास काढा.

चढता प्रवाह

नळीमागे पांढरा कागद लावा आणि त्याच्या मागून दिवा द्या. पिंचकॉक किंचित उघडा, सेकंदाला पाचेक मिलिलिटर, म्हणजे ६०० च्या जवळ. आता चाकाची चिमटी सैल करून रंग सोडा. रंग आजूबाजूच्या पाण्याच्याच वेगाने सुईतून निघाला पाहिजे. जोरात सुटला तर सुईशीच गुठळी होते, फार कमी सोडला तर रेघ तुटक येते. जमलं की सुईपासून नळीच्या दुसऱ्या टोकापर्यंत एक निळी रेघ ताणलेली दिसेल, केसासारखी बारीक आणि कडा स्पष्ट. दीड मीटर अंतर चालूनही रंग आजूबाजूच्या पाण्यात मिसळत नाही. थोडा वेळ नुसतं बघत बसा.

मग पिंचकॉक पाव फेरा उघडा आणि थांबा. नळीतलं पाणी दोनदा बदलेपर्यंत काही ठरवायचं नाही. सुरुवातीच्या वेगाला त्याला मिनिटाहून जास्त लागतं, पुढे कमी. दर टप्प्याला मोजमाप आणि तापमान लिहून घ्या. १०००, १५००, १८००: रेघ तशीच.

पुढे कुठेतरी, बहुतेक २००० ते ३००० च्या दरम्यान, रेघ नळीच्या लांबच्या टोकाकडे थरथरेल. आधी नागमोडी वळण येतं, ते दोन-तीन हेलकाव्यांत वाढतं आणि एकदम रेघेचा पिसारा होतो, वीतभर भागात सगळी नळी फिकट निळी. लगेच नळ आवळायला जाऊ नका. तो निळा लोळ तसाच पुढे वाहत जाईल आणि त्याच्या मागे रेघ पुन्हा सरळ झालेली दिसेल. थोड्या वेळाने आणखी एक लोळ. रेनॉल्ड्सनाही हेच दिसलं होतं, खवळ येते आणि जाते, झपाझप चमकल्यासारखी. लॅबमध्ये कुणीतरी नेहमी ओरडतं, "मॅडम, तुटली! ... नाही नाही, जुळली परत!" मला वाटतं परीक्षेतल्या "मधे काय होतं?" या प्रश्नाचं यापेक्षा चांगलं उत्तर नाही. ट्रान्झिशनमध्ये पाणी थोडं शांत आणि थोडं खवळलेलं असं मिश्रण नसतं. एका ठिकाणी ते पूर्ण शांत असतं, त्याच क्षणी चार हातांवर पूर्ण खवळलेलं असतं, आणि हे तुकडे नळीतून प्रवास करत असतात.

लोळ नीट बघा. त्याची मागची कड चांगली ठळक असते, पुढची बाजू मात्र पसरट, हळूहळू पुसट होत गेलेली. लांबी साधारण नळीच्या वीस-तीस व्यासांइतकी, आपल्या नळीत पाव मीटरच्या पुढे-मागे, आणि पाण्याच्या सरासरी वेगाच्या आसपासच तो सरकतो. प्रवाह आणखी वाढवला की लोळ दोन्ही बाजूंनी वाढत एकमेकांना मिळतात आणि शेवटी तोंडापासून थोड्या अंतरानंतर सगळी नळी कायमची निळसर. त्या वेळी मोबाइलवर स्लो मोशनमध्ये चित्रण करा. नुसत्या डोळ्याला एकजीव रंग दिसतो, पण थांबवलेल्या चित्रात त्याच रंगाच्या गुंडाळ्या आणि पीळ सुटे सुटे दिसतात. रेनॉल्ड्सनी हेच विजेच्या ठिणगीच्या क्षणिक उजेडात पाहिलं होतं.

धक्का देऊन बघा

आता माझ्या मते या प्रयोगाचा गाभा, आणि तोच लॅबमध्ये सहसा केला जात नाही.

प्रवाह कमी करून १२०० वर आणा, रेघ सरळ होऊ द्या. सलाइनची नळी सुईजवळ चिमटीत धरून एकदाच झटकन दाबा. रंगाचा फवारा कर्ण्यात उडेल आणि एक गुठळी नळीत शिरेल. तिच्यावर नजर ठेवा. ती लांबत जाईल, तिचे पीळ उलगडतील आणि दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत ताणलेल्या निळ्या पट्ट्याखेरीज काही उरणार नाही. धक्का दिला होता, पाण्याने तो पचवला.

हेच २४०० च्या आसपास करा, पण रेघ अजून शाबूत असताना. त्यासाठी नळ अगदी हळू उघडावा लागतो. तीच चिमटी, तेवढाच दाब. या वेळी गुठळी उलगडत नाही. तिचा लोळ होतो आणि तो नळीभर तसाच जिवंत जातो. दोन्ही वेळचं चित्रण शेजारी ठेवून बघा.

मग तिसरी पायरी, उतरता प्रवाह. नळ उघडून नळी पूर्ण खवळू द्या, आणि पाव-पाव फेरा आवळत खाली या. चढताना रेघ समजा २८०० ला मोडली असेल, तर उतरताना ती २८०० ला जुळेलच असं नाही. २००० च्या जवळ आल्यावर लोळ विरळ होतात आणि त्याच्या खाली गेल्यावर विरतात. चढताना मोडण्याचा आकडा तुमच्या घरी एक, शेजाऱ्याकडे दुसरा निघेल. उतरताना जुळण्याचा आकडा मात्र सगळ्यांचा जवळपास एकच येतो.

हा खालचा आकडा नेमका किती, यावर शंभर वर्षांहून जास्त काळ एकमत नव्हतं. अडचण अशी की १८०० ला उठवलेला लोळसुद्धा लगेच विरत नाही, बऱ्याच अंतरापर्यंत तग धरतो. आपल्या दीड मीटरच्या नळीत तो विरायच्या आधीच बाहेर पडलेला असतो. २०११ साली ब्योर्न होफ, ड्वाइट बार्कली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी व्यासाच्या हजारो पट लांब अशा बारीक काचेच्या नळीत लोळांचा हिशेब मांडला. लोळ दोन गोष्टी करतो: एक तर विरतो, नाही तर त्याचा एक तुकडा पुढे सुटून दोन लोळ होतात. वेग कमी असताना विरण्याची शक्यता जास्त, वेग वाढला की दुभंगण्याची जास्त. दोन्ही शक्यता सारख्या होतात तो आकडा त्यांना २०४० च्या जवळ मिळाला. त्याच्या वर खवळ नळीत पसरत जाते आणि टिकते.

पाण्याच्या आत काय चालतं

नळीच्या भिंतीला चिकटलेलं पाणी थांबलेलं असतं, मधलं सगळ्यात वेगवान. समजा धक्क्यामुळे प्रवाहाच्या दिशेने लांबट अशी एखादी मंद फिरकी तयार झाली. ती भिंतीजवळचं सावकाश पाणी उचलून मधे आणते आणि मधलं वेगवान पाणी भिंतीकडे ढकलते. नळीत सावकाश आणि वेगवान पाण्याचे लांब पट्टे शेजारी शेजारी पडतात. असे पट्टे डळमळीत असतात, ते वळवळायला लागतात, आणि त्या वळवळीतून नव्या फिरक्या तयार होतात. चक्र पूर्ण झालं. पाण्याची श्यानता, म्हणजे चिकटपणा, दर फेरीत थोडी ऊर्जा खाऊन टाकते. वेग कमी असेल तर ती जिंकते आणि चक्र बंद पडतं, वेग पुरेसा असेल तर चक्र स्वतःला पोसत राहतं. मात्र सुरुवातीची फिरकी कुणीतरी द्यावी लागते. अगदी सूक्ष्म, नाममात्र धक्का घेऊन केलेल्या गणितात सरळ गोल नळीतला लॅमिनार प्रवाह मोडतो असं आजवर कुणाला दाखवता आलेलं नाही. बाटलीच्या कर्ण्यावर एवढा वेळ घालवायला सांगितला तो यामुळेच.

आणखी एक मोजमाप करून ठेवाच. नळीच्या शेवटापासून वीतभर अलीकडे कागदावर उभी खूण करा आणि लोळ येत-जात असताना दहा मिनिटं चित्रण करा. खुणेपाशी रेघ मोडलेली असण्याचा एकूण वेळ मोजून दहा मिनिटांनी भागा. या गुणोत्तराला इंटरमिटन्सी म्हणतात. १९५० च्या दशकात बेंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये सतीश धवन आणि रोद्दम नरसिंह सपाट पत्र्यावरून वाहणाऱ्या हवेत हेच गुणोत्तर अभ्यासत होते. तिथेही खवळ एकदम सगळीकडे येत नाही, ठिपक्याठिपक्यांनी येते, आणि प्रवाहाच्या दिशेने ते गुणोत्तर शून्यापासून एकपर्यंत कसं चढतं याचं नरसिंहांनी १९५७ साली मांडलेलं सूत्र आजही वापरात आहे. हेच धवन पुढे इस्रोचे अध्यक्ष झाले. तुमच्या कागदावरची खूण आणि त्यांचं मोजमाप यांत उपकरणांचा फरक आहे, राशी तीच.

हे कळून उपयोग काय, असं मुलं विचारतात. माझी बरीच मुलं सांगली-मिरजेच्या आसपासच्या ऊसवाल्या घरांतली, त्यांना मी ठिबकची लॅटरल, म्हणजे पिकाच्या ओळीतून जाणारी बारीक नळी, दाखवते. आतला व्यास १४ मिलिमीटर, लांबी ४० मीटर, दर ४० सेंटीमीटरला ताशी चार लिटरचा एक असे शंभर ड्रिपर (थेंब थेंब पाणी सोडणाऱ्या तोट्या) धरा. लॅटरलच्या तोंडाशी ताशी ४०० लिटर पाणी शिरतं, म्हणजे २५ अंशांना रेनॉल्ड्स अंक ११,००० च्या वर. प्रत्येक ड्रिपरशी पाणी कमी होत जातं आणि शेवटचे सतरा-अठरा ड्रिपर उरतात तिथे अंक २००० वर येतो. शेवटच्या सात मीटरांत वेग तर मंदावलेला असतोच, पाणी ढवळतं ठेवणारी खवळही उरत नाही आणि गाळ खाली बसतो. म्हणून तर लॅटरलचं शेवटचं टोक सोडून ती अधूनमधून धुवायची असते. दाबाचा हिशेबही या दोन भागांत वेगळा. लॅमिनार प्रवाहात पाणी दुप्पट केलं तर घर्षणाने जाणारा दाब दुप्पट होतो. टर्ब्युलंटमध्ये तो तिपटीहून जास्त होतो. तो वेगाच्या १.७२ व्या घाताच्या प्रमाणात वाढतो, असं रेनॉल्ड्सनी काढलं होतं.

गरम पाण्याची फेरी

सगळं नीट जमलं की एकदा ४० अंशांच्या पाण्याने करा. टाकीला चारी बाजूंनी आणि वरून थर्माकोल लावा, नाही तर थंड होणाऱ्या भिंतींजवळ पाणी खाली उतरत राहील आणि टाकी कधी निवणारच नाही. काचेच्या नळीत गरम पाणी एकदम सोडू नका, आधी कोमट फिरवा. सूत्रातली संख्या आता १९३५. चिमटीचा धक्का देत उतरता प्रवाह मोजा, कारण तोच आकडा भरवशाचा. २५ अंशांना २००० वर यायला मिनिटाला एक लिटर पाणी लागत होतं, ४० अंशांना पाऊण लिटरच पुरेल. काम संपल्यावर सुई आणि सलाइनची नळी लगेच साध्या पाण्याने धुवा. सुईत शाई वाळली की ती सुई टाकूनच द्यावी लागते.